बागेतले फलक: या चुका टाळा

जुन्या बागेचं नूतनीकरण होतं तेव्हा फलकांचा नंबर शेवटी लागतो, निधी संपत आल्यावर. मग सगळ्यात मोठी पाटी उद्घाटनाची असते आणि झाडांच्या वाट्याला वीतभर पत्रा येतो.

नागपुरात पहिला विचार उन्हाचा करा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. अशा उन्हात विनाइलवरचा (फलकावर चिकटवायच्या प्लास्टिकच्या छापील कागदावरचा) लाल-पिवळा रंग आधी उडतो, काळा-निळा मागे राहतो. म्हणून लाल शीर्षक नको, चकचकीत लॅमिनेशनही नको. शक्य असेल तिथे दगडात किंवा धातूत कोरलेली अक्षरं घ्या. आणि फलक कुठेही असो, वाचणारा सावलीत उभा राहिला पाहिजे. तळपत्या फरशीवर उभं राहून इतिहास कोण वाचणार?

सगळ्यात जास्त घोटाळा छपाईत होतो. स्क्रीनवर ‘कडुनिंब’ दिसतं, छापून येतं ‘कडुनंिब’. कारण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसते, किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नीट न बदलता ओतलेला असतो. मजकूर बरोबर दिसत असताना अक्षरांची आउटलाइन करून, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर करून, पीडीएफ द्या. तरीही एक नमुना खऱ्या मापात कागदावर काढा आणि मराठी नीट वाचणाऱ्या माणसाला दाखवा. फाइल पाठवणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. शिवाय त्याच पॉइंटात, म्हणजे अक्षरांच्या त्याच मापात, देवनागरी लहान दिसते, ती थोडी वाढवा.

नकाशा भिंतीवर लावताना उत्तर वर ठेवायचा हट्ट सोडा. माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा आहे, ती दिशा वर हवी.

झाडाला खिळा ठोकून पाटी नको. खोड जाड होतं आणि पाटी गिळून टाकतं. पाटीसाठी वेगळा खांब रोवा, तोही मुळं तुटणार नाहीत इतका दूर.

मजकुरात ‘फुले तोडू नका’, ‘थुंकू नका’ यांची रांग लागली की बाकीचंही कोणी वाचत नाही. नागपूरच्या महाराजबागेसारख्या भोसल्यांच्या काळातल्या बागेत लोकांना विचारायचं असतं ते वेगळंच: यातलं जुनं बांधकाम कोणतं, नवं कोणतं? ते साध्या रेखाचित्रात दाखवा. पुरावा नसेल तर ‘दोनशे वर्षं जुनं झाड’ लिहू नका. क्यूआर कोड हवा तर लावा, पण त्याच्या भरवशावर फलक रिकामा ठेवू नका.

छपाईच्या मूळ फाइली बागेच्या कार्यालयात ठेवून घ्या. एक फलक फुटला तर तेवढाच बदलता येईल.