शटरच्या स्प्रिंगचं काम शिकायला येताय?

दुकानाचं शटर एका हाताने वर जातं, त्यामुळे ते हलकं असतं असं वाटतं. कामाला लागलो तेव्हा मलाही तसंच वाटायचं. १० फूट रुंद आणि ८ फूट उंच शटर धरा. १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण ९.४ किलो भरतो. म्हणजे नुसता सपाट पत्राच ७० किलोचा झाला. पट्ट्यांची वळणं, एकमेकींत अडकलेल्या कडा आणि खालची जाड पट्टी धरली की वजन शंभरीकडे जातं. ते तुमचा हात उचलत नाही, वरच्या डब्यांतल्या स्प्रिंगा उचलतात. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोराला पाना देण्याआधी मी हे समजावतो.

शटरच्या वर पत्र्याचा हुड म्हणजे झाकण असतं, त्याच्या आत एक आडवा पाइप असतो. दोन्ही टोकांना तो ब्रॅकेटमध्ये बोल्टने आवळलेला असतो, फिरत नाही. फिरतात ते त्याच्यावरचे डबे. प्रत्येक डब्यात पोलादी पट्टीची गुंडाळी असते. तिचं आतलं टोक पाइपाला अडकवलेलं, बाहेरचं डब्याला. शटरची सगळ्यात वरची पट्टी या डब्यांना जोडलेली असते. शटर खाली ओढलं की डबे फिरतात आणि स्प्रिंग आवळत जाते. शटर जितकं जास्त खाली लोंबेल तितकं वजन वाढतं, आणि त्याबरोबर स्प्रिंगचा जोरही वाढतो. ताण बरोबर बसलेलं शटर छातीपर्यंत आणून सोडलं तरी जागेवर थांबतं. आपोआप खाली येत असेल तर ताण कमी आहे, हातातून निसटून वर धडकत असेल तर जास्त. एका बाजूने तिरकं जात असेल तर बहुतेक वेळा एका डब्यातली स्प्रिंग तुटलेली असते.

म्हणजे शटर बंद असताना स्प्रिंग सगळ्यात जास्त भरलेली असते. पूर्ण उघडलं तरी ती रिकामी होत नाही, थोडा ताण मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो. मी पहिल्या वर्षी इथेच चुकलो. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सगळे मामा म्हणायचे. ते पाइपाला पाइप पाना लावून शिडीवर उभे होते. पाना नीट बसायच्या आधीच मी घाईने ब्रॅकेटचा दुसरा बोल्ट सैल केला. पाइप गर्रकन फिरला आणि पान्याचा दांडा त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडलं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्यामुळे ते जास्तच लागलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी शटर पूर्ण वर नेऊन दोन्ही गाईडमध्ये, म्हणजे शटर ज्यांतून सरकतं त्या बाजूच्या पट्ट्यांमध्ये, खालून क्लॅम्प लावायचे. स्टूल किंवा बांबूचा टेकू चालणार नाही. मग पाइपावर आणि ब्रॅकेटवर एका रेषेत खडूची खूण करायची, म्हणजे किती फेरे सोडले ते मोजता येतं. एक पाना पाइप धरून ठेवतो, मगच बोल्ट सैल होतो. दुसरा पाना लावल्याशिवाय पहिला काढायचा नाही. माणसं दोन हवीतच. दांडा ज्या रेषेत फिरेल तिथे डोकं किंवा हात ठेवायचा नाही. शटर बंद अवस्थेतच अडकलं असेल तर जास्त माणसं बोलवा आणि वर उचलून क्लॅम्प करा. तसं नुसतं लोंबत ठेवून बोल्टला हात लावू नका.

आमच्या चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर हे काम महिनोन्‌महिने चाललं. गाईडमध्ये गाळ घट्ट बसला होता आणि लोक जोर लावून शटर ओढत होते. डब्यांत पाणी शिरलेल्या स्प्रिंगा तेव्हा ठीक दिसल्या, नंतर गंजून एकेक करत तुटल्या. पावसाळ्याआधी ग्रीस लावा, हे मी गिऱ्हाइकाला बिलावरच लिहून देतो.

न्यू जर्सीला असलेल्या माझ्या मावसभावाच्या गॅरेजच्या दाराची स्प्रिंग मध्यंतरी तुटली. तिथे स्प्रिंग दाराच्या वर उघड्या शाफ्टवर असते आणि तिच्या टोकाच्या भोकांत पोलादी सळया घालून पीळ देतात. साधारण १०,००० वेळा उघडझाप हे तिचं नेहमीचं आयुष्य. दिवसाला चार वेळा दार उघडलं तर सातेक वर्षं. व्हिडिओ कॉलवर तो मला स्क्रूड्रायव्हर दाखवून विचारत होता, याने जमेल का रे? मी त्याला शपथ घालून थांबवलं. स्क्रूड्रायव्हर त्या भोकात नीट बसत नाही, सटकला की सरळ तोंडावर येतो. त्याने माणूस बोलावला.

या कामाचं वेगळं शिक्षण मला कुठे मिळालं नाही. आयटीआयचा फिटर दोन वर्षांचा, वेल्डर एक वर्षाचा. दोन्हींपैकी काहीही केलेलं असेल तर हात लवकर बसतो. पण ताण द्यायला किमान सहा महिने एकट्याने जाऊ नका. स्वतःचं सामान घ्यायचं तर २४ इंची पाइप पाने आधी घ्या, आणि दोन घ्या. आणि एक स्प्रिंग तुटली की मी गिऱ्हाइकाला सगळ्याच बदलायला सांगतो, कारण बाकीच्या तितक्याच वापरलेल्या असतात. काही जण म्हणतात, एकच टाक, बाकीच्या चालतायत ना. अशा वेळी मी काम सोडून निघालोय, दोनदा.