जुन्या कॅम्पर व्हॅनसाठी दुसरं इंजिन नि गिअरबॉक्स निवडताना

आधी व्हॅन पूर्ण भरून वजन काट्यावर न्या, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, पलंग, सगळं धरून, कारण इंजिन त्या वजनाला लागतं, रिकाम्या गाडीला नाही. हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलू नका, कमी आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, किती मिळते ते बघा, चढावर तीच कामाला येते.

शक्यतो इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतले जोडीने घ्या, सोबत वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र) आणि चावीसुद्धा मागून घ्या, नाहीतर सगळं बसवून झाल्यावर गाडी स्टार्टच होत नाही आणि मग खरंच रडू येतं. वेगवेगळे घेतले तर बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनला जोडणारं कवच) बोल्ट, इनपुट शाफ्टचे (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) दाते, क्लच, सगळं जुळायला हवं. गिअर रेशो डिफरन्शियल (चाकांकडे ताकद वाटणारा गिअरचा भाग) आणि टायरच्या साइजसोबतच बघायचा, टॉप गिअरला इंजिन उगाच किंचाळायला नको.

पैसे देण्याआधी कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणं) कराच, सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं असू शकतं, तर ते इंजिन सोडून द्या.

इंजिन बाहेर आहे तोवरच क्लच, मागचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप बदलून टाका. आणि इंजिन नंबर कागदपत्रांवर बदलून घ्यायचं विसरू नका.