बिट की बाइट? कुठे काय लिहायचं, आणि त्या स्पेलिंगमधला वाय आला कुठून

मराठीत कॉम्प्युटरबद्दल लिहिताना सगळ्यात जास्त घोळ बिट आणि बाइटमध्ये होतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी शब्द कुठून आला ते बघा, ते डोक्यात बसलं की इंग्रजी स्पेलिंग परत चुकत नाही. बिट हा आधीचा शब्द, बायनरी डिजिटचा, म्हणजे 0 किंवा 1 या अंकाचा, शॉर्टफॉर्म, गणितज्ञ जॉन टुकी यांनी सुचवलेला आणि क्लॉड शॅनन यांच्या संदेशवहनावरच्या 1948 च्या पेपरमुळे सगळीकडे पोचलेला. पुढे 1956 मध्ये आयबीएम या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीत स्ट्रेच नावाच्या कॉम्प्युटरचं डिझाइन चालू होतं, तिथे वेर्नर बुखहोल्झ यांना बिटांच्या छोट्या गटासाठी नाव हवं होतं. त्यांनी घेतला चाव्याचा 'बाइट', म्हणजे आपल्या भाषेत एक घास. पण इंग्रजीत चाव्याचं स्पेलिंग बी-आय-टी-ई, आणि बिटचं बी-आय-टी, म्हणजे टाइप करताना शेवटचा ई राहिला की बाइटचा थेट बिट झाला आणि कोणाला कळणारही नाही! म्हणून त्यांनी मुद्दाम आय काढून वाय घातला. मला हे फार आवडतं, एका अक्षराने पुढची कितीतरी वर्षं लोकांच्या चुका वाचवल्या.

तेव्हा बाइट म्हणजे आजच्यासारखे 8 बिट असं काही ठरलेलं नव्हतं, स्ट्रेचमध्ये तो 1 ते 8 बिटांचा कितीही असायचा. 8 पक्का झाला तो मुख्यतः आयबीएमच्या 1964 च्या सिस्टिम 360 या कॉम्प्युटरांमुळे. अर्ध्या बाइटला, म्हणजे 4 बिटांना, निबल म्हणतात, कुरतडलेला तुकडा, आणि त्यातही काही जण हौसेने वाय घालतात.

आता आपलं लिहिणं. देवनागरीत बिट आणि बाइट पूर्ण लिहिले तर गोंधळाचा प्रश्नच नाही, दिसायला आणि ऐकायला दोन्ही वेगळे. बाइट की बाईट, तर मी ह्रस्व इ घालतो, साइट आणि फाइलसारखं, तुम्ही काहीही ठेवा पण एका लेखात एकच ठेवा. खरी गडबड शॉर्टफॉर्ममध्ये आहे. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट आणि कॅपिटल बी म्हणजे बाइट, आपल्याकडे लहान-मोठं अक्षर नाहीच, त्यामुळे नुसतं 'एमबी' लिहिलं की वाचणाऱ्याने काय समजायचं? स्पीडबद्दल लिहिताना तरी मेगाबिट किंवा मेगाबाइट असं पूर्णच लिहा. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी 100 चा इंटरनेट प्लॅन घेतला, डाउनलोड होताना स्क्रीनवर 12 च्या वर आकडा जाईना, त्यांना वाटलं आपल्याला फसवलं. प्लॅनमधले 100 हे सेकंदाला मेगाबिट, 8 ने भागा, 12.5 मेगाबाइट, म्हणजे स्पीड बरोबरच होता.

आणि न्यूज चॅनलवाले पुढाऱ्याचा 'बाईट' घेतात तो वेगळा बरं का, तो साउंड बाइटमधला, खराखुरा चाव्याचा, आय-वाला. तिथे वाय घातलेला बऱ्याचदा दिसतो पण तो चूक.

बाइट प्रत्यक्ष बघायचा असेल तर नोटपॅड उघडा, देवनागरीत फक्त 'बाइट' टाइप करा, स्पेस नाही, एंटर नाही, यूटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) मध्ये सेव्ह करा आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा. 12 बाइट दिसेल, कारण ब, काना, इ आणि ट असे 4 तुकडे, प्रत्येकाला 3. तोच शब्द इंग्रजीत टाइप केला तर 4.