लिनक्सवर गाणं रेकॉर्ड करायला ऑडिओ इंटरफेस कसा निवडावा?

ग्वाल्हेरात गाणाऱ्या घरांची कमी नाही. आमच्या लश्करातल्या घरात काकू ख्याल गातात आणि मी जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचाच एक अवतार) चालवतो. लॅपटॉपच्या भोकात साधा माइक खुपसून पाहिला, तर तंबोऱ्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू आली. तेव्हा ऑडिओ इंटरफेस घ्यायचं ठरलं. ही डबी माइकचा क्षीण आवाज वाढवते आणि त्याचे आकडे करून यूएसबीतून संगणकाला देते.

आधी माइक मोजा. नुसता गळा असेल तर एक पुरे. गळा आणि पेटी वेगवेगळी टिपायची तर दोन. इथेच फसगत होते. दोन इनपुटांच्या स्वस्त डबीत बहुधा माइकचं एकच असतं, दुसरं गिटारचं. बेहरिंगर यूएम२ आणि फोकसराइट स्कारलेट सोलो तशाच आहेत. दोन माइकांसाठी बेहरिंगर यूएमसी२०२एचडी किंवा स्कारलेट २आय२ पाहा. कंडेन्सर माइक (हा विजेशिवाय चालत नाही) असेल तर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर, म्हणजे डबीने माइकच्या वायरीतूनच दिलेली वीज, हवंच.

खोक्यावर लिनक्सचं नाव शोधत बसू नका, क्वचितच सापडेल. ‘क्लास कम्प्लायंट’ किंवा ‘आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय (वेगळं सॉफ्टवेअर न घालता) चालते’ असं लिहिलंय का ते बघा. यूएसबी ऑडिओचा एक सामाईक नियम आहे. तो पाळणाऱ्या डबीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो. (विंडोजला याच नियमाची दुसरी आवृत्ती २०१७ साली मिळाली, हे मी मित्रांना आवर्जून सांगतो.)

पण तेवढ्याने भागत नाही. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा), फँटम आणि डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज डबीतूनच थेट हेडफोनात), तिन्हींची बटणं डबीच्या अंगावरच हवीत. माझ्या पहिल्या डबीचं फँटम कंपनीच्या ॲपमधूनच सुरू व्हायचं आणि ते ॲप विंडोज-मॅकपुरतं. दिवे सगळे लागले, माइक मुकाच. परत करताना दुकानदाराशी फार गोड बोलावं लागलं.

आता बिट, म्हणजे आवाजाचा प्रत्येक आकडा किती बारकाईने टिपला जातो ते. यूएम२ सोळा बिटांची आहे. भजन किंवा पॉडकास्टला चालेल, पण ख्यालाला मी २४ बिटच सांगेन. मंद्रातला आलाप पुटपुटल्यासारखा आणि तारसप्तकातली तान कानठळ्या बसवणारी, असा मामला असतो. गेन तानेच्या हिशोबाने ठेवावा, मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये. मग आलाप खूप खाली राहतो. तो मागाहून उचलताना सोळा बिटांत खरखरही वर येण्याची भीती असते, चोवीसमध्ये बरीच मोकळीक मिळते. १९२ किलोहर्ट्झच्या आकड्याला (सेकंदाला किती हजार वेळा आवाज मोजला जातो तो) मात्र भुलू नका, ४८ भरपूर झाले.

पैसे देण्याआधी लॅपटॉप, माइक, हेडफोन आणि (लॅपटॉपवर उबंटू नसेल तर) त्यावरूनच उबंटू चालवता येईल असा लाइव्ह पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जा. डबी जोडा, टर्मिनलमध्ये ‘एरेकॉर्ड -एल’ ही आज्ञा द्या (अर्थात रोमन लिपीत: arecord -l). यादीत डबीचं नाव आलं की मिनिटभर गाऊन रेकॉर्ड करा आणि तिथेच ऐका. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा.

घरी आल्यावर डबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. पाइपवायर (लिनक्समधला आवाजाचा कारभार पाहणारा प्रोग्रॅम) असेल तर ‘पावूकंट्रोल’ (pavucontrol) या आवाजाच्या सेटिंगच्या ॲपमध्ये ‘प्रो ऑडिओ’ प्रोफाइल निवडा, म्हणजे दोन्ही माइक सुटे दिसतील. गाताना स्वतःचा आवाज डायरेक्ट मॉनिटरवरून ऐका, म्हणजे तो संगणकाला वळसा घालून उशिरा येणार नाही. टिपायला ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं ॲप पुरतं. गुणगुण ऐकू आली तर चार्जर काढून बघा.

राहिला पंखा, त्याला बंद करण्यावाचून इलाज नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ते पहाटे पाचलाच जमतं, त्यामुळे आमच्याकडची उन्हाळ्यातली सगळी रेकॉर्डिंगं भैरवाचीच आहेत.