घरच्या कॉम्प्युटरवर ‘ॲडमिन राइट्स नाहीत’? या चुका टाळा

कोल्हापुरात घरचा कॉम्प्युटर अडला की दोन वाटा ठरलेल्या. राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणायचं, नाहीतर गल्लीतल्या इंजिनिअरिंगच्या पोराला हाक मारायची. विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागायला लागलं की दोन्हीकडं तोच उपाय निघतो, सगळं पुसून नवीन विंडोज. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. कॉम्प्युटरवर कुणाचं खातं ॲडमिन, म्हणजे प्रोग्रॅम टाकायचे आणि सेटिंग्ज बदलायचे पूर्ण हक्क असलेलं आहे, एवढंच शोधायचं असतं.

चौकट न वाचताच बंद करणे

प्रोग्रॅम टाकताना स्क्रीन काळवंडून जी चौकट येते, तिच्यातच अर्धं निदान असतं. नुसतं ‘येस’ आणि ‘नो’ विचारलं, तर तुम्ही ॲडमिनच आहात. पासवर्ड किंवा पिन मागितला, तर तुमचं खातं साधं आहे आणि ॲडमिन दुसरंच कुणीतरी आहे. पासवर्ड टाकायला जागाच नाही आणि ‘येस’ फिकट पडलंय, तर चालू असलेलं एकही ॲडमिन खातं उरलेलं नाही. खात्री करायला सेटिंग्ज, अकाउंट्स, युवर इन्फो उघडा. खातं ॲडमिन असेल तर नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं असतं.

‘मी ॲडमिन, तरी अडवतंय’ म्हणून सुरक्षाच बंद करणे

2007 मध्ये व्हिस्टा बाजारात आलं, तेव्हापासून विंडोज ॲडमिनचेही प्रोग्रॅम साध्या हक्कानेच चालवतं. जादा हक्क हवे असतील तर त्या वेळेपुरती परवानगी घेतं. म्हणून आयकॉनवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करावं लागतं. हा त्रास नको म्हणून, ही परवानगी कधी विचारायची ते ठरवणारी विंडोजमधली पट्टी ओढून तळाला नेणारे, म्हणजे विचारणंच बंद करणारे बरेच भेटतात. मग पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरसही विचारल्याशिवाय ॲडमिन होतो.

खरी गोची जुन्या सॉफ्टवेअरची. उद्यमनगरातल्या वर्कशॉपचा हिशेब घरी बसून करणाऱ्यांकडं असली बिलिंगची पॅकेजं अजून चालतात. ती आपला डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला जातात, आणि तिथं साध्या हक्कानं लिहिता येत नाही. अशा जुन्या 32 बिट प्रोग्रॅमला विंडोज एरर देत नाही. गुपचूप त्या फाइलची वेगळी प्रत त्या-त्या युजरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये ठेवतं. त्यामुळं वडिलांनी आपल्या खात्यातून भरलेली बिलं सुनेच्या खात्यात दिसत नाहीत. त्यात कुणीतरी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं की प्रोग्रॅम मूळ फाइल उघडतो आणि महिन्याभराच्या नोंदी गेल्यासारख्या वाटतात. गेलेल्या नसतात. लपवलेल्या फाइल्स दाखवायला सांगा आणि त्या युजरच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असं आत जाऊन बघा. तिथली प्रत आधी बाजूला काढून ठेवा. मग ते सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर स्वतंत्र फोल्डर करून तिथं टाका. परवानगीची कटकट सहसा तिथंच संपते.

‘प्रोग्रॅम फाइल्स’ किंवा ‘विंडोज’ फोल्डरची मालकीच आपल्या नावावर करून घेऊ नका. जुन्या हार्ड डिस्कवरच्या फोटोंच्या फोल्डरला तसं केलं तर चालतं, सिस्टिमच्या फोल्डरला नाही.

सेटअप कुणी केला, हे न विचारणे

पहिल्यांदा सेटअप करताना जे खातं तयार होतं, तेच ॲडमिन असतं. ते कधी दुकानदाराचं निघतं, कधी पुण्यात नोकरीला गेलेल्या थोरल्याचं. एक फोन करा, ‘दादा, सेटअपला कुठलं खातं घातलं होतं?’ मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पासवर्ड थोरल्याला तिकडं बसून मोबाइलवरूनही बदलता येतो. त्या खात्यातून सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समध्ये जायचं (विंडोज 10 मध्ये ‘फॅमिली अँड अदर युजर्स’) आणि तुमच्या नावापुढं ‘चेंज अकाउंट टाइप’ करून ॲडमिनिस्ट्रेटर निवडायचं. जुनं खातं लगेच उडवू नका. साइन आउट करून परत आत या आणि एखादा प्रोग्रॅम टाकून बघा. एकमेव ॲडमिनला घाईत ‘साधं’ करून बसलेली घरं काही कमी नाहीत.

असं झालंच, तरी साध्या खात्यातून आत जाता येतं. आपल्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, रिसेट धिस पीसी. इथं ‘कीप माय फाइल्स’ उपयोगाचं नाही. त्यात खाती आणि त्यांचे हक्क होते तसेच राहतात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’च करावं लागतं, आणि त्यात घरातल्या सगळ्यांच्याच फाइल्स जातात, म्हणून प्रत सगळ्यांची घ्या.

व्हिडिओ बघून लॉक तोडायला जाणे

लॉक स्क्रीनवरच्या एका सिस्टिम फाइलची अदलाबदल करायची युक्ती अजून फिरते. आता विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर तिला बऱ्याचदा पकडतो. आणि डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कीशिवाय वाचता न येणारी केलेली असेल तर मशीन 48 आकडी रिकव्हरी की मागून बसतं. ती की बहुधा पहिल्यांदा सेटअप करणाऱ्याच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, म्हणजे फोन त्यालाच करावा लागतो. मग आधीच का करू नये?

संस्थेच्या ताब्यातलं मशीन

‘काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते’ ही ओळ दिसली की घाबरू नका. ‘प्रायव्हसी’च्या नावाखाली टाकलेल्या एखाद्या टूलमुळंही ती येते. सेटिंग्ज, अकाउंट्समधलं ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडून कुठलं खातं जोडलंय ते बघा. मुलाच्या शाळेचं किंवा कॉलेजचं खातं ॲपमध्ये घालताना ‘माझं डिव्हाइस संस्थेला सांभाळू दे’ यावर न बघता होकार दिलेला असतो. तिथं फक्त त्या ॲपपुरतं साइन इन करायचा पर्याय निवडायचा.

ऑफिसनं दिलेल्या लॅपटॉपवर असले प्रयोग नकोत, तिथला ॲडमिन कंपनीचाच. सेकंडहँड लॅपटॉप मात्र पैसे देण्याआधीच तपासा. कंपनीनं ऑटोपायलटमध्ये, म्हणजे कंपन्यांची मशीन सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेत नोंदवलेलं मशीन कितीही फॉरमॅट मारा, इंटरनेट जोडून सेटअप सुरू केला की परत त्याच कंपनीचं लॉगिन मागतं, आणि ती नोंद काढणं कंपनीच्याच हातात असतं. विकणाऱ्याला तुमच्यासमोर रिसेट करायला लावा, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा आणि तुमच्या नावाचं खातं उघडून डेस्कटॉप दिसेपर्यंत पैसे खिशातच ठेवा.