विंडोज १० वरून ११ वर जाताना: सेवा केंद्र, ग्रामपंचायत आणि घरच्या कॉम्प्युटरसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही आणि या कारणाने पुढेही पडणार नाही. बंद झाली ती दर महिन्याला मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती. तेव्हापासून तालुक्याच्या बाजारात दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? दुसरा म्हणतो, नवीन घ्या, नाहीतर बँक खातं साफ होईल. पहिल्या पक्षात बहुतेक वापरणारे आहेत, दुसऱ्यात बहुतेक विकणारे.

कॉम्प्युटरला काय काय जोडलेलं आहे यावर हा निर्णय ठरवावा. अंगठ्याचं मशीन, जुना लेझर प्रिंटर, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्षानुवर्षांची कागदपत्रं. यातलं एक जरी अडलं तरी केंद्रासमोरची रांग परत जाते. म्हणून जूनमध्ये दाखल्यांच्या गर्दीत आणि जुलैमध्ये पीकविम्याच्या धावपळीत या कामाला हात लावू नये. दिवाळीनंतरचे निवांत आठवडे बरे.

आधी मुदत वाढवून घ्या

घाई टाळायची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिली आहे. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळू शकतात, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. रन खिडकीत विनव्हर (winver) टाइप करून आवृत्ती पाहा. ती २२एच२ असली पाहिजे. मग सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट उघडा. तिथे 'एनरोल नाऊ' दिसेल. दिसत नसेल तर राहिलेले सगळे अपडेट आधी टाका आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.

पुढे तीन पर्याय येतात: ३० डॉलर भरा, १००० रिवॉर्ड पॉइंट द्या किंवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडा. तिसरा फुकट आहे, तोच घ्या. तिन्हींसाठी मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच, आणि एका खात्यावर दहा कॉम्प्युटर बसतात. कार्यालयाच्या डोमेनला जोडलेल्या कॉम्प्युटरला मात्र ही सोय नाही. संस्थांसाठी वेगळी आणि महागडी योजना आहे.

कॉम्प्युटर बसतो का?

विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरू होताना भलतंच काही घुसत नाही ना हे तपासणारी सोय) लागतं. खरी चाळणी प्रोसेसरची आहे: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीच्या रायझनमध्ये साधारण २००० मालिका किंवा पुढची. पिढी ओळखायची ती रेघेनंतरच्या आकड्यावरून. आय५-७४०० सातवी, आय३-८१०० आठवी, आय५-१०४०० दहावी. सेकंडहँड घेताना 'आय५ आहे' एवढ्यावर पैसे देऊ नका. चौथ्या पिढीचा आय५ आजही त्याच स्टिकरवर विकला जातो.

टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप. ती सक्तीची केल्याने सुरक्षा वाढते हे खरं, आणि त्या अटीपायी चांगले चालणारे लाखो कॉम्प्युटर बाद ठरले हेही खरं. वाद तिथेच आहे आणि तो मिटणारा नाही.

कागदावर बसणारा कॉम्प्युटरही प्रत्यक्षात रखडतो. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर विंडोज ११ सुरू व्हायलाच चहा होऊन जातो. अपग्रेडच्या आधी २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि एकूण ८ जीबी रॅम टाका. रॅम डीडीआर३ की डीडीआर४ हे बोर्ड पाहून ठरवा. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात. झाकण उघडलंच आहे तर पंखाही साफ करा. जिनिंगच्या गावात प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईच्या तंतूंची आणि धुळीची गादीच साचते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना असा कॉम्प्युटर अपग्रेडच्या ऐन मध्यावर तापून बंद पडू शकतो.

आणखी एक स्वस्त वस्तू बदला: बोर्डावरचा सीआर२०३२ सेल. तो कमजोर असला की लाइन गेल्यावर बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारी बोर्डाची सेटिंग) मूळ स्थितीवर जातो. तारीख मागे जाते, बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते आणि काही बोर्डांवर टीपीएमही बंद होतं. मग विंडोज पिन घेत नाही, कधी कधी थेट बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ अंकी किल्ली मागतं. दोष विंडोजचा वाटतो, असतो सेलचा.

बायोस: सगळ्यात जास्त इथेच अडतं

२०१८ ते २०२० च्या सुमाराला जोडून घेतलेल्या बऱ्याच डेस्कटॉपचं हार्डवेअर पात्र असूनही विंडोज ११ ची पात्रता तपासणी 'नाही' म्हणते, कारण विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं. सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि 'बायोस मोड' पाहा. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असेल तर डिस्क बदलायची गरज नाही; खालच्या क्रमातलं सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू आहे एवढंच पाहा. लेगसी असेल तर डिस्क एमबीआरमधून जीपीटीमध्ये (कप्प्यांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत) बदलावी लागते. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी (mbr2gpt) नावाचं साधन आहे. बॅकअप घेतल्याशिवाय ते चालवू नका. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी व्हॅलिडेट (तपासणी) करा, तिथे पास झालं तरच कन्व्हर्ट (बदल). दोन्ही वेळा अलाऊफुलओएस (allowFullOS) हा शब्द जोडावा लागतो, नाहीतर ते चालत्या विंडोजमधून चालायला नकार देतं.

व्हॅलिडेट नापास होण्याचं नेहमीचं कारण सी, डी, ई अशा तीन कप्प्यांची आपल्याकडची सवय. विंडोजने स्वतः केलेला सिस्टिम रिझर्व्ह्ड कप्पा धरून ते चार होतात, आणि हे साधन जास्तीत जास्त तीनच प्रायमरी कप्पे घेतं. एक्स्टेंडेड कप्पा तर मुळीच चालत नाही. ई मधला डेटा बाहेरच्या डिस्कवर हलवा, तो उघडून खात्री करा, मग ई काढून टाका.

क्रम चुकवू नका. आधी कन्व्हर्ट, मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, मग सिक्युअर बूट चालू, सोबत टीपीएम चालू (बायोसमध्ये त्याचं नाव इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम). उलट केलं तर पडद्यावर 'बूट डिव्हाइस नाही' येतं. घाबरू नका, डेटा गेलेला नसतो. सीएसएम परत चालू केलं की जुनं विंडोज उघडतं. सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहिला तर जुनं ग्राफिक्स कार्ड कारण असू शकतं. मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावून पाहा.

बसतच नसेल तर

रुफस नावाच्या साधनाने टीपीएम आणि रॅमची अट वगळून पेन ड्राइव्ह बनवता येतो. काम होतं, पण मायक्रोसॉफ्ट अशा कॉम्प्युटरला अपडेटची हमी देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा तशीच हाताने टाकावी लागते. कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर विंडोज ११ ची २४एच२ (२०२४ ची) पासून पुढची आवृत्ती सुरूच होत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर हा उद्योग करायला हरकत नाही. जिथे लोकांच्या अंगठ्यावर पैसे निघतात तिथे करू नये. क्रॅक केलेल्या विंडोजबद्दलही तेच: फुकटातला ॲक्टिव्हेटर सोबत काय घेऊन आला ते कळायला मार्ग नसतो.

अभ्यास, टायपिंग आणि ब्राउझरपुरता कॉम्प्युटर असेल तर लिनक्स मिंट उत्तम. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, २ जीबी रॅमवर ते उठतं, ४ वर बरं चालतं आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. पण टॅली आणि अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) यासाठी त्यावर विसंबू नका, आणि कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर त्याच्यावर चालवणं डोकेदुखी आहे.

लाइन आणि नेट

शेतातल्या घरी, कृषी वाहिनीवर अपग्रेड करू नका. गावठाण फीडरवरच्या जागी कॉम्प्युटर न्या आणि देखभालीसाठी लाइन बंद असते तो वार टाळा. एसएसडीवर एक-दोन तास, फिरत्या डिस्कवर चार तासही लागतात. ६०० व्हीएचा यूपीएस नव्या बॅटरीवर डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं धरतो, जुन्यावर दोन मिनिटंही नाही. आदल्या दिवशी प्लग ओढून किती टिकतो ते पाहा. लेझर प्रिंटर यूपीएसवर ठेवू नका. त्याचा हीटर तापताना एकदम लोड येतो आणि यूपीएस ट्रिप होतो. शक्य असेल तर कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर हे डाउनलोड होणार नाही. फाइल ५ जीबीच्या वर आहे. हॉटस्पॉट वापरत असाल तर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ते मीटर्ड (मोजका डेटा असलेलं) कनेक्शन करून ठेवा, नाहीतर विंडोज तुम्हाला न विचारता दिवसाचा डेटा संपवेल. तालुक्याला फायबर असेल तिथे मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेन ड्राइव्ह बनवा. ८ जीबी पुरतो, त्यावरचं सगळं पुसलं जातं. बनवण्याआधी आपल्या कॉम्प्युटरची डिस्प्ले भाषा पाहून या: इंग्लिश युनायटेड स्टेट्स की युनायटेड किंगडम. पेन ड्राइव्ह दुसऱ्या इंग्रजीचा निघाला तर 'ॲप्स ठेवा' हा पर्यायच फिका होतो आणि पुन्हा तालुक्याला चक्कर.

प्रत्यक्ष अपग्रेड

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या: डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप (बहुतेकांचं सगळं तिथेच असतं), टॅलीचा डेटा फोल्डर आणि विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले कृतीदेव. साध्या अपग्रेडमध्ये फॉन्ट जात नाहीत, पण काही बिघडून कोरं विंडोज टाकावं लागलं तर जुन्या ठरावांच्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कोणतं पत्र नेमकं कोणत्या कृतीदेवमध्ये आहे हे कोणालाच आठवत नाही, म्हणून सगळेच कॉपी करा.

१. सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी रिकामे करा. बाहेरून टाकलेलं अँटिव्हायरस काढा.

२. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्या.

३. कीबोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्ह सोडून सगळी यूएसबी उपकरणं काढा.

४. विंडोज १० चालू असतानाच पेन ड्राइव्हमधलं सेटअप उघडा. पेन ड्राइव्हवरून बूट करू नका. त्या वाटेने ॲप्स राखता येत नाहीत.

५. अपडेट डाउनलोड करायचे का विचारलं की 'नॉट राइट नाऊ' निवडा. डेटा वाचतो.

६. 'फाइल आणि ॲप्स ठेवा' यावर खूण आहे याची खात्री करून इन्स्टॉल दाबा. कॉम्प्युटर दोन-चार वेळा आपोआप सुरू होईल. टक्केवारी अर्धा तास एका जागी थांबली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर बटन दाबू नका.

मध्येच जुन्या विंडोजवर परत फिरलं तर एरर कोड वाचा. सी१९००१०१ म्हणजे बहुधा ड्रायव्हरची भानगड, ८००७००७० म्हणजे जागा कमी, सी१९००२०८ म्हणजे एखादं न चालणारं सॉफ्टवेअर आडवं आलं.

विंडोज १० खरं असेल तर ११ साठी पैसे लागत नाहीत. 'ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली कोणी मागितले तर देऊ नका. आधीचं लोकल खातंही तसंच राहतं. मायक्रोसॉफ्ट खात्याची सक्ती होते ती कोरं विंडोज टाकताना.

पहिले दहा दिवस

उपकरणं एकेक करून जोडा आणि प्रत्येकाचं खरं काम करून पाहा. टेस्ट पेज निघालं म्हणून दाखला निघेलच असं नाही. अंगठ्याचं मशीन ओळखत नसेल तर त्याची आरडी सर्व्हिस काढून नवी आवृत्ती टाका. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली 'मेमरी इंटिग्रिटी' जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करणं सोपं असलं तरी आधी नवा ड्रायव्हर शोधा. डीएससी टोकन पिन घेत नसेल तर अंदाजाने पिन मारत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं. आधी त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाका.

जुनी सरकारी साइट इंटरनेट एक्सप्लोरर मागत असेल तर एज ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर'खाली इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी द्या आणि ती साइट यादीत टाका. नोंद ३० दिवसच टिकते, महिन्याने पुन्हा टाकावी लागते. वर्डपॅड २४एच२ पासून गेलं; त्यातल्या फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मधोमध गेलेलं स्टार्ट बटन टास्कबार सेटिंग्जमधून डावीकडे आणता येतं, निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच थांबतात. टास्कबार वर किंवा बाजूला न्यायची सोय मात्र काढून टाकली, आणि ती का काढली याला पटण्यासारखं उत्तर नाही.

यातलं काही जमत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. ही वाट दहा दिवसच उघडी असते आणि सी ड्राइव्हवरच्या विंडोज.ओल्ड फोल्डरवर चालते. जागा कमी पडते म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हिअस विंडोज'वर खूण केली की ती लगेच बंद होते. परत फिरण्याआधी नव्या फाइल बाहेर कॉपी करा. सगळं सुरळीत असेल तर अकराव्या दिवशी तो फोल्डर क्लीनअपमधूनच काढा, हाताने डिलीट करू नका. १५-२० जीबी जागा परत मिळते.