संघासोबत फिजिओ म्हणून निघताना

टेप, बर्फ, कात्री हे सगळेच भरतात. आधी प्रोफेशनल इन्डेम्निटीची पॉलिसी, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांचा विमा, काढा आणि तिच्यावरची रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या तारखेपासूनचं काम विम्यात धरलं जातं ती तारीख, वाचा. गेल्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं होतं. नूतनीकरण लांबलं, नवी पॉलिसी नव्या तारखेपासून धरली गेली आणि आधीच्या सगळ्या कामाचं संरक्षण गेलं. हा विमा ‘क्लेम्स मेड’ असतो. दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी आणि तक्रारीतला उपचार पॉलिसीवरच्या त्या जुन्या तारखेनंतरचा हवा. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे आजच्या गुडघ्याची नोटीस पुढल्या मोसमातही येऊ शकते. पैसे संघ देत असला तरी उपचार घेणारा खेळाडू ग्राहक ठरू शकतो. विमा कंपनी बदलताय? जुनी तारीख नव्या पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) छापून घ्या. एजंटच्या ‘होऊन जाईल’वर जाऊ नका.

त्याच कागदावर ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुई टोचून करायचा उपचार) धरलंय का, परदेश दौरा धरलाय का, तेही बघा. ‘आयोजकांनी विमा काढलाय’ एवढ्यावर थांबू नका, कुठला ते विचारा. अपघात विमा खेळाडूला पैसे देतो, पब्लिक लायबिलिटी प्रेक्षकांच्या इजेसाठी असते. तुमच्या उपचारातली चूक दोन्हींत बसत नाही.

कुमार गटाची संमतीपत्रं एकेक उघडून बघा. अठराच्या आतल्या मुलासाठी आईवडिलांची सही लागते, प्रशिक्षकाची चालत नाही. ‘स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे’ असं लिहून घेतल्याने निष्काळजीपणा माफ होत नाही.

वही हवीच. कबड्डीच्या चढाईत डोकं गुडघ्यावर आपटलं, पोरगा गुण विचारल्यावर गडबडतोय, तर वेळ लिहा, काय विचारलं ते लिहा, ‘आज खेळणार नाही’ लिहा आणि त्याखाली प्रशिक्षकाची सही घ्या. तो चिडेल. चिडू दे, पोराला त्या दिवशी परत मैदानात सोडायचं नाही.

रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट बघितलीत ना? फोटो काढून ठेवा.

परत आल्यावर वहीचे फोटो काढा, मूळ नोंदीत खाडाखोड नको. नोटीस आली तर विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, चूक कबूल करू नका, परस्पर तडजोड नको. नूतनीकरणाची आठवण फोनमध्ये महिनाभर आधीची लावा, हप्ता मुदतीआधीच भरा.